सप्लायमधून रिटर्न वजा करून काढलेली फ्रेश एअर खरी मानायची का? (जळगाव, १२,००० सीएफएमचा एएचयू)

एएचयू_जळगाव

राम राम मंडळी.

ऑफिस इमारतीचा तिसरा मजला, ७,५०० चौरस फूट, रोजची माणसं साधारण ६०. एकच एएचयू (हवा थंड करून मजल्यावर सोडणारं युनिट), १२,००० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), व्हीएफडीवर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). रिटर्नला डक्ट नाही. फॉल्स सीलिंगच्या वरून हवा एएचयू रूममध्ये येते, म्हणजे खोलीच रिटर्न प्लेनम (परतीची हवा जमा होण्याची जागा). फ्रेश एअरसाठी पश्चिमेच्या भिंतीत ६०० × ६०० मि.मी. चा लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची खिडकी) आहे. तिथून ४५० × ३०० मि.मी. चा डक्ट जेमतेम दीड मीटर सरळ येतो, मग हाताने फिरवायचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारं पातं), आणि पुढे तो फिल्टरसमोर उघडतो. डॅम्परचा काटा २०% वर आहे.

बॅलन्सिंगच्या (हवेचं वाटप मोजून जुळवण्याच्या) रिपोर्टमध्ये सप्लाय डिफ्यूझरची बेरीज १२,१५०, रिटर्न ग्रिलची बेरीज १०,९००, म्हणून फ्रेश एअर १,२५० सीएफएम असं लिहिलंय. ड्रॉइंगवर १,२०० आहे, त्यामुळे रिपोर्ट पास. पण दुपारी ४ वाजता रिटर्नमध्ये कार्बन डायऑक्साइड १,४५० पीपीएम दाखवतो आणि जेवणानंतर डोकं जड होतं अशी स्टाफची तक्रार आहे.

माझ्याकडे १०० मि.मी. चा व्हेन ॲनिमोमीटर (फिरत्या पंख्यावरून हवेचा वेग मोजणारा), एक सीओटू मीटर आणि दोन डिजिटल थर्मामीटर आहेत. १,२५० वर विश्वास ठेवायचा का? आपणच मोजायचं तर नेमकं कसं?

बॅलन्सिंग_धुळे

१,२५० हा आकडा मोजलेला नाहीच, तो दोन मोठ्या आकड्यांमधला उरलासुरला भाग आहे. ग्रिल-डिफ्यूझरवर चांगल्या हाताने मोजलं तरी ५% इकडेतिकडे होतंच. १२,१५० चे ५% म्हणजे ६००, १०,९०० चे ५% म्हणजे ५४५. दोन्ही चुका वर्ग-बेरीज-वर्गमूळ करून एकत्र केल्या तर ८०० च्या वर जातात. म्हणजे तुमची फ्रेश एअर १,२५० अधिक-उणे ८००, ४५० ते २,०५० यांतली काहीही. असा रिपोर्ट पासही करता येत नाही आणि नापासही. शिवाय एएचयू रूमच्या दारातून आणि केबलच्या भोकांतून जी हवा आत ओढली जाते ती रिटर्न ग्रिलमधून येत नाही, पण वजाबाकीत फ्रेश एअर म्हणून मोजली जाते.

मोजण्याआधी गरज किती ते ठरवा. ॲशरे ६२.१ (अमेरिकी वातानुकूलन संस्थेचं ताज्या हवेचं मानक) प्रमाणे ऑफिसला माणशी ५ सीएफएम आणि दर चौरस फुटाला ०.०६. म्हणजे ६० × ५ = ३०० आणि ७,५०० × ०.०६ = ४५०, एकूण ७५०. थंड हवा वरून सोडताय, त्यामुळे वितरणाचा गुणक १ धरायला हरकत नाही. ड्रॉइंगवरचे १,२०० बहुधा माणशी २० सीएफएमच्या जुन्या नियमाचे असतील, १९८९ च्या आवृत्तीत ऑफिससाठी तेच होतं. तेव्हा ७५० ही खालची रेघ आणि १,२०० हे डिझाइन, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा.

आता तुमचे १,४५० पीपीएम काय सांगतात ते बघू. बसून काम करणारा माणूस सेकंदाला सुमारे ०.००५२ लिटर सीओटू सोडतो, ६० माणसांचे ०.३१२ लिटर. बाहेर ४३० धरले तर वाढ १,०२० पीपीएमची. ०.३१२ भागिले ०.००१०२ म्हणजे ३०६ लिटर प्रतिसेकंद, साधारण ६५० सीएफएम. १,२५० सीएफएम खरंच येत असती तर आकडा ९५०-१,००० च्या आसपास थांबला असता.

मात्र हे गणित पातळी स्थिर झाल्यावरच लागू होतं. तुमच्या मजल्याचं आकारमान साधारण २,१०० घनमीटर धरलं तर एवढ्या हवेत स्थिर व्हायला पाच-सहा तास लागतात, आणि मध्ये जेवणाची सुट्टी येते. ४ वाजता आकडा अजून चढत असेल तर खरी हवा ६५० पेक्षाही कमी आहे.

मोजायचं ते थेट फ्रेश एअरच्या डक्टमध्येच मोजा. वजाबाकी नको, डॅम्परचा काटाही नको. काटा २०% वर म्हणजे हवा २०% असं नसतं.

लूव्हरच्या तोंडावर व्हेन धरून ६०० × ६०० ने गुणू नका. पट्ट्या तिरक्या असतात, मोकळं क्षेत्र निम्म्याच्या आसपास असतं आणि पट्टीपट्टीत वेग बदलतो. उत्पादकाने दिलेला गुणक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पिटो ट्यूबही (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) इथे चालणार नाही. २ मी./से. वेगाला वेगदाब फक्त २.४ पास्कल येतो, साध्या मॅनोमीटरचा काटा तेवढ्याने नीट हलतही नाही. एक दिवसासाठी हॉट-वायर ॲनिमोमीटर (तापलेल्या तारेचा वेगमापक) भाड्याने आणा, लांब होणाऱ्या दांडीचा.

जागा लूव्हर आणि डॅम्परच्या मधली, म्हणजे डॅम्परच्या अलीकडे. डॅम्परच्या पुढे अजिबात नको, अर्धवट उघड्या पात्यांमधून हवा पिचकारीसारखी निघते. नियमाने अडथळ्यानंतर साडेसात व्यास आणि पुढच्या अडथळ्याआधी तीन व्यास सरळ डक्ट हवा. तुमच्या डक्टचा समतुल्य व्यास ४०० मि.मी. म्हणजे ४.२ मीटर, आणि हातात आहे दीड. म्हणून बिंदू कमी करू नका, पूर्ण २५ घ्या.

डक्टच्या ३०० च्या बाजूवर, वरच्या आतल्या कडेपासून २२, ८६, १५०, २१४ आणि २७८ मि.मी. वर १० मि.मी. ची पाच भोकं पाडा. दांडीवर ३३, १३०, २२५, ३२० आणि ४१७ मि.मी. ला चिकटपट्टीच्या खुणा करा. ही अंतरं समान नाहीत आणि ते मुद्दाम आहे. भिंतीजवळ वेग झपाट्याने उतरतो, तो सरासरीत योग्य वजनाने यावा म्हणून लॉग-चेबिशेफ पद्धतीत बिंदू असे धरतात. प्रोबवरचा बाण हवेच्या दिशेला, प्रत्येक बिंदूवर १०-१५ सेकंदांची सरासरी. २५ वेगांची सरासरी गुणिले ०.१३५ चौरस मीटर गुणिले २,११९ म्हणजे सीएफएम. नंतर भोकांना रबरी बूच लावा. नुसती टेप मे महिन्यात दोन दिवसांत सुटते.

रीडिंग भरवशाचं आहे का, याची एक चाचणी: किमान ७५% बिंदूंवरचा वेग सर्वांत मोठ्या वेगाच्या एक-तृतीयांशाहून जास्त असला पाहिजे. नसेल तर तिथे हवा भोवऱ्यात आहे, जागा बदला.

चाळीसगाव_एमईपी

बाकी पटलं भाऊ, पण एवढी भोकं कशाला? खानदेशात मे महिना आहे. बाहेर ४३, रिटर्न २५. मिक्स हवेचं (रिटर्न आणि फ्रेश मिसळलेल्या हवेचं) तापमान घ्या, त्यातून रिटर्न वजा करा, बाहेर-रिटर्नच्या फरकाने भागा, टक्केवारी हातात. फरक १८ अंशांचा असताना याहून सोपं काय? पुण्या-मुंबईवाल्यांना हा फायदा मिळत नाही.

बॅलन्सिंग_धुळे

पद्धत बरोबर आहे, आणि फ्रेश एअर २५-३०% असलेल्या एएचयूला मे महिन्यात मीही तीच वापरायला सांगेन. इथे ती तोकडी पडते. ६०० सीएफएम म्हणजे १२,००० च्या ५%. तेव्हा मिक्स हवा रिटर्नपेक्षा फक्त ०.९ अंशाने गरम असेल. १,२०० असेल तर १.८. दोन वेगवेगळ्या थर्मामीटरमध्ये ०.३ चा फरक सहज असतो. ०.३ भागिले १८ म्हणजे १.७%, म्हणजे २०० सीएफएम. एकच थर्मामीटर आळीपाळीने धरून ०.१ पर्यंत सांभाळलं तरी ७० सीएफएमची चूक राहते. तीही मिक्स हवेचं खरं तापमान मिळालं तर. फिल्टरसमोर गरम हवेचा पट्टा एकीकडे आणि थंड दुसरीकडे असतो, त्यामुळे फिल्टरच्या पूर्ण तोंडावर १६-२० ठिकाणी मोजल्याशिवाय सरासरी हाती येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर २८ आणि आत २४.५ असताना ०.१ ची चूक थेट ३४० सीएफएम होते. पावसाळ्यात ही पद्धत विसरून जा.

सीओटूने टक्केवारी काढायची तर एक सोय आहे: कॉइलमुळे (हवा थंड करणाऱ्या नळ्यांमुळे) सीओटू बदलत नाही. त्यामुळे मिक्स हवेऐवजी पंख्यानंतरच्या सप्लाय डक्टमध्ये मोजता येतं, तिथे हवा पूर्ण मिसळलेली असते. तापमानाला ही मुभा नाही. पण इथेही रिटर्न १,४५० असेल तर सप्लाय १,४०० च्या आसपास येणार, आणि मीटरची स्वतःची चूक ५० पीपीएमची. एकच मीटर तिन्ही ठिकाणी फिरवला तर कायमची चूक कटते, तरी उरलेल्या २० पीपीएममध्ये २०० हून जास्त सीएफएम जातात. दोन्ही टक्केवाऱ्या तपासणीला घ्या, बिलाला नको.

सीओटू मीटरचा खरा उपयोग संध्याकाळी आहे. माणसं गेल्यावर एएचयू चालू ठेवा, डॅम्पर आणि हर्ट्झ (म्हणजे पंख्याचा वेग) दिवसासारखेच, दारं बंद. रिटर्नमधला आकडा दर दहा मिनिटांनी लिहा. सुरुवातीच्या आणि तासानंतरच्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा करा, दोघांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग घ्या, तो ताशी हवाबदल. त्याला २,१०० घनमीटरने गुणा आणि १.७ ने भागा, सीएफएम मिळेल. यात फटींमधून येणारी हवाही मोजली जाते, म्हणून हा आकडा डक्टमधल्या आकड्याइतका किंवा थोडा जास्त यायला हवा. कमी आला तर कुठेतरी मोजमाप चुकलंय.

भुसावळ_मेंटेनन्स

मोजायच्या आधी या चार गोष्टी बघून घ्या, नाहीतर बिघडलेल्या अवस्थेचंच अचूक मोजमाप होईल.

एएचयू रूमचं दार. खोलीच प्लेनम असली की ती सतत निर्वातात असते. दार फटभर उघडं राहिलं की जिन्यातली हवा आत येते, निर्वात उतरतो आणि लूव्हरमधून येणारी हवा लगेच कमी होते. दाराच्या खालच्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला जात असेल तर ब्रश-सील लावा. केबल ट्रे आणि चिल्ड वॉटर पाइप भिंतीतून जातात तिथेही उदबत्ती फिरवा, बहुतेक ठिकाणी पाइपभोवती दोन बोटं जाईल एवढी मोकळी जागा सोडलेली असते.

डॅम्पर. हँडलवर विश्वास नको. शाफ्टच्या टोकाला करवतीने मारलेली एक खाच असते, ती पात्याला समांतर असते. खाच कुठे आहे ते बघा. हँडलचा स्क्रू ढिला झाला की काटा २० वर राहतो आणि पातं मिटलेलं असतं.

लूव्हरच्या मागची जाळी. पक्ष्यांसाठी १२ मि.मी. ची जाळी असायला हवी. डास येतात म्हणून पुष्कळदा कोणीतरी त्यावर बारीक जाळी बांधतं. आपल्याकडे मार्चपासून वावटळी, आणि त्याआधी जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा भुगा. बारीक जाळीवर त्याची गादी बसते. बाहेरून लूव्हर स्वच्छ दिसतो, टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही.

मुख्य फिल्टर. तो तुंबला की एकूण हवा घटते, मागचं शोषण घटतं आणि फ्रेश एअरही घटते. फिल्टर धुतलेल्या दिवशी मोजून वर्षभराचा आकडा म्हणून लावू नका.

लूव्हर पश्चिमेला आहे म्हणून हेही सांगतो. मे-जूनच्या दुपारी पश्चिमेचा वारा ५ मी./से. ने आला तरी लूव्हरवर १५ पास्कल दाब देतो. एएचयू रूममधलं शोषणच २०-२५ पास्कल असेल तर वारा तुमचा आकडा फुगवणार. मोजमाप सकाळी वारा पडलेला असताना घ्या आणि दुपारी पुन्हा घ्या. सेट करताना सकाळचा आकडा धरा.

एएचयू_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉट-वायर मिळाला. ५० हर्ट्झ, सकाळी ७:३०, वारा नाही, एएचयू रूमचं दार बंद. पाच ओळींची सरासरी वरून खाली: २.९, २.६, २.१, १.६, १.३. एकूण सरासरी २.१ मी./से., म्हणजे ६०० सीएफएम. सर्वांत जास्त ३.३, एक-तृतीयांशाच्या खाली तीनच बिंदू, म्हणजे चाचणीत बसलं.

संध्याकाळी ६:३० ला १,३०० पीपीएम, ७:३० ला ९६०, बाहेर ४३०. ८७० भागिले ५३०, त्याचा लॉग ०.४९६. सीएफएम ६१३ आले. दोन्ही आकडे इतके जवळ येतील असं वाटलं नव्हतं.

लूव्हरमागे खरंच नायलॉनची बारीक जाळी निघाली, राखाडी गादीसकट. ती काढल्यावर, डॅम्पर न हलवता, सरासरी २.८ झाली, म्हणजे ८०० सीएफएम. खाच आणि काटा जुळतात.

दोन शंका. बाहेर ४२ अंशांची हवा पातळ असते, मग हॉट-वायरच्या आकड्याला घनतेची दुरुस्ती लावायची का? आणि आता ८०० आहेत, ७५० च्या वर, मग इथेच थांबू का? ऑपरेटर म्हणतो जास्त उघडलं तर मे महिन्यात चिलर पुरणार नाही.

बॅलन्सिंग_धुळे

दुरुस्ती लावू नका. हॉट-वायर तार थंड होण्यावरून मोजतो, म्हणजे खरं तर हवेचं वस्तुमान मोजतो आणि १.२ घनतेचा प्रमाण वेग दाखवतो. ॲशरेचे दर त्याच घनतेवर बांधलेत, त्यामुळे आकडे थेट ताडून बघा. मीटरमध्ये 'ॲक्च्युअल' वेगाची सेटिंग असेल तर ती बंद आहे ना, एवढं पाहा. उलट व्हेनला दुरुस्ती लागते. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर, ४२-४४ अंशांना घनता १.०९ च्या आसपास, म्हणून व्हेनचा आकडा ०.९ ने गुणावा लागतो.

८०० वर थांबू नका, कारण ते ५० हर्ट्झचे आहेत. तुमचा एएचयू व्हीएफडीवर आहे. पंखा ७० टक्क्यांवर आला की शोषण ४९ टक्क्यांवर येतं आणि ठरावीक उघड्या डॅम्परमधून हवा पुन्हा ७० टक्केच येते. ३५ हर्ट्झला मोजा, ५६० च्या आसपास सापडेल. माणसं तेवढीच, हवा मात्र ७५० च्या खाली. थर्मोस्टॅट समाधानी आहे म्हणून पंखा हळू झाला, पण त्या ६० माणसांचा श्वास हळू झालेला नसतो.

म्हणून व्हीएफडी जितका खाली जातो त्या हर्ट्झवर डॅम्पर सेट करा. ३५ हर्ट्झला सरासरी २.७ मी./से. आणा, ७७० सीएफएम होतील. मग ५० हर्ट्झला ३.८५ मी./से., म्हणजे १,१०० सीएफएम, ड्रॉइंगच्या १,२०० च्या आतच. दोन्ही हर्ट्झवर पुन्हा २५ बिंदू घ्या, डॅम्पर हलल्यावर जुनी सरासरी चालत नाही. नंतर हँडल पक्कं करून पात्याची जागा शाफ्टवर आणि डक्टवर पेंटने एका रेषेत खूण करून ठेवा.

चाळीसगाव_एमईपी

चिलरच्या भीतीचा हिशोब मी मांडतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात डॅम्पर बंद करायची सवय त्यातूनच आलीय. ६०० सीएफएम हवा ४३ वरून २४ वर आणायला लागतात १.०८ × ६०० × ३४ फॅरनहाइट, साधारण २२,००० बीटीयू ताशी, म्हणजे २ टनांच्या आत. आपली मे महिन्यातली दुपारची हवा कोरडी. ४३ अंश आणि १५% आर्द्रता असताना तिच्यातलं पाणी आतल्या २४ अंश ५०% च्या हवेपेक्षाही थोडं कमीच असतं, त्यामुळे बाष्पाचा भार शून्य.

ऑगस्टमध्ये २८ अंश ८५% ची तीच ६०० सीएफएम हवा ३ टनांपर्यंत जाते, कारण पाणी काढावं लागतं. म्हणजे जड महिना पावसाळ्याचा आहे आणि डॅम्पर बंद होतो उन्हाळ्यात. ऑपरेटरला हे आकडे दाखवा. ३५ हर्ट्झला तुम्ही वाढवताय ते फक्त २०० सीएफएम, मे महिन्यात पाऊण टनाच्या आत.

भुसावळ_मेंटेनन्स

जाळी काढलीत ते बरं केलं, पण तिथे १२ मि.मी. ची जाळी लगेच बसवा, पारवे घरटं करायला आठवडा घेत नाहीत. डास अडवायचे तर फ्रेश एअर डक्टमध्ये धुता येणारा प्री-फिल्टर बसवा, डॅम्परच्या अलीकडे, मोजायच्या भोकांच्याही अलीकडे. त्याने दाब थोडा खाल्ला जाईल, म्हणून डॅम्परची अंतिम सेटिंग फिल्टर बसवल्यानंतरच करा. त्याच्या दोन बाजूंना दाबाची दोन नळ्या-टोकं काढून ठेवा. मार्च ते जून दर पंधरवड्याला धुवा, जिनिंगच्या हंगामात त्याहून लवकर लागेल.

आणि त्या पाच भोकांची बुचं कायम राहू द्या. पुढच्या वेळी २५ बिंदू घ्यायला अर्धा तासही लागत नाही.

एएचयू_जळगाव

३५ हर्ट्झला आज सकाळी मोजलं: १.९५ मी./से., ५५८ सीएफएम. सांगितलं तसंच निघालं. प्री-फिल्टरची फ्रेम ४५० × ३०० ची बनवायला टाकलीय. ती बसल्यावर दोन्ही हर्ट्झचे २५-२५ बिंदू आणि संध्याकाळचा सीओटूचा उतार इथेच टाकतो.